सगुणमेस्ताची शेवटची पिन

लोखंडाची मोडलेली वस्तू हातात घेऊन, ती कुणी, कशी, कुठल्या घाईत केली हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शिवदास चारी. डिचोलीच्या बाहेर, खाणीवरचे ट्रक उतार संपवून वळण घेतात तिथे त्याची भट्टी, आणि रस्त्याच्या अलीकडे माझं शिवणयंत्र. तीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत काम केलं. माझा पाय जोरात चालायला लागला की तो तिकडून ओरडायचा, "शंभू, कोणाचा लगीन आसा रे?"

एक गंमत आधी सांगतो, म्हणजे माणूस कळेल. मयेचा एक शेतकरी मोडकं पिकास, म्हणजे कुदळ, घेऊन आला. नवं कोरं, दुसऱ्याच दिवशी खणताना दोन तुकडे. शिवदासने मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवला, नाकाशी नेलं, उन्हात धरलं आणि म्हणाला, "ह्या करताना मेस्त कोणाशी तरी भांडत होतो." शेतकरी हसत गेला. आठ दिवसांनी ते पिकास करणारा लोहारच भट्टीवर हजर! "तुका कोणी सांगला? सासऱ्याशीच वाद चललेलो माझो." आम्ही सगळे थक्क. शिवदास मात्र शांत. म्हणाला, "सोपा आसा. तापवून भायर काढला नि मारायचा सोडून बोलत उभो रवलो. मगे थंड झाल्यावर रागान मारला. थंड लोखंडावर राग काढलो की आत फट पडता. वरसून दिसत नाय."

अशा कितीतरी. बिजागरी, कोयते, रहाटाचे आस. लोक नुसतं निदान ऐकायला यायचे, डॉक्टरकडे यावं तसे. कारखान्याचा माल असेल तर तो तेही सांगायचा. हे ओतलेलं, हे ठोकलेलं, इथे वाळूचा खडा राहिला, इथे हवा अडकली. चौथीपर्यंत मराठी शाळेत माझ्याच बाकावर बसला होता, पण मला नाही ते वाचता आलं.

ही विद्या त्याला थोरल्या भावाकडून, सगुणकडून मिळाली. घराणं मूळचं पेडण्याचं. बाप लवकर गेला, सगुणनेच याला ऐरणीशी उभं केलं. सगुण डावखुरा. त्याचा हातोडा उलट्या बाजूने यायचा, म्हणून घण मारणाऱ्याला त्याच्यासमोर उभं राहायची भीती वाटे. पण काम असं, की पेडण्यापासून वाळपईपर्यंत 'सगुणमेस्ताच्या हातचं' एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. शिवदासने लग्न केलं नाही. भावाच्या शेजारच्या खोलीत राहायचा आणि वहिनीच्या हातचं जेवायचा. वहिनीचं नाव पद्मावती. बोलायला कमी, पण दिराच्या ताटात मासळीचा मधला तुकडा तिने कधी चुकवला नाही.

या चाऱ्यांच्या घरात एक रीत होती, ती नीट लक्षात घ्या. हातून वस्तू बिघडली तर ती अख्खी भट्टीबाहेर जाऊ द्यायची नाही. ऐरणीवर ठेवून दोन तुकडे करायचे, आणि मगच जेवायला उठायचं. वितळवता येईल, विकता येईल, असला विचार नाही. आधी मोडायची.

एक्याऐंशीच्या श्रावणात सगुणने शेवटची वस्तू केली. ट्रकच्या पाट्याची पिन. पुढचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, ज्या खुंटीने सांगाड्याला अडकलेला असतो ती. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, मधून तेलाचं भोक. त्या वर्षी सगुणच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं; शिवदासला ते मागाहून उमगलं. आता लोहार लोखंड किती तापलं हे रंगावरून ठरवतो. डोळ्यापुढे धुकं असलं तर पिवळं झालेलं लोखंड लालच दिसणार. तो भाता मारत राहिला असणार, आणि लोखंड आतल्या आत जळलं. त्याच रात्री त्याला ताप भरला. आठव्या दिवशी तो गेला.

बारावं झाल्यावर शिवदास भट्टीत गेला. पिन ऐरणीवरच होती. त्याने उचलून हातोडीने हलकेच वाजवली. चांगली पिन गाते. ही बोलली नाही. त्याला कळलं. रीतीप्रमाणे त्याने ती ऐरणीवर आडवी ठेवली, घण उचलला, आणि... "हात वर गेलो तो खाली येयनाच, शंभू." हे त्याने मला खूप नंतर सांगितलं. ज्याने हात धरून शिकवलं त्याची शेवटची वस्तू. ती फोडायची म्हणजे काय? त्याने पिन पुसली, तेल लावलं, भिंतीतल्या कोनाड्यात विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली ठेवली. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली तेव्हा तिलाही पिंजर, म्हणजे कुंकू, लावली, झेंडूचं फूल वाहिलं. पद्मावतीवहिनी आली, तिने कोनाड्याला हात जोडले, डोळे पुसले. झालं. पुढे असे सहा दसरे गेले. ती पिन देव होऊन बसली.

शहाऐंशीचा डिसेंबर आला. भाषेच्या वादाने गोवा पेटलेला. माझ्या दुकानात दोन बाकं, एकावर कोकणीवाले आणि दुसऱ्यावर मराठीवाले, आणि मी मधे दुसऱ्याच कुणाचा तरी लेंगा शिवतोय. शिवदासला विचारलं तर म्हणायचा, "माका लोखंडाची भास पुरे." गंमत म्हणजे दोन्ही बाकांवरची माणसं भांडत होती ती एकाच बोलीत. पण बाहेर गंमत नव्हती. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, गाड्या अडल्या. कोल्हापूरहून येणारे ट्रकचे सुटे भाग यायचे बंद झाले. शिवदास तेव्हा पेडण्याला चुलत बहिणीकडे गेला होता, तो चार दिवस तिकडेच अडकला.

त्या चार दिवसांत शांतारामच्या ट्रकची पाट्याची पिन झिजून निकामी झाली. शांताराम दोडामार्गकडचा, खाणीवर दहा वर्षं ट्रक चालवणारा, हसरा गडी. माझ्या शेजारच्या गॅरेजमध्ये प्रज्योत नावाचा मेकॅनिक होता. सुटा भाग मिळेना, खाणीवरचा मुकादम ओरडतोय. प्रज्योत शिवदासच्या भट्टीत डोकावला. भट्टीला दार कुठलं, नुसता झाप. कोनाड्यात बघतो तर नेमक्या मापाची पिन, चकचकीत, तेल लावलेली! त्याने ती नेली आणि बसवली. चोरी नव्हे हो. मला सांगून नेली. "शंभूभाई, मेस्त आले की सांगा." ती सगुणमेस्ताच्या हातची, एवढं सांगून मी मान डोलावली. मला तरी काय माहीत?

शिवदास परतला तेव्हा मीच हसत हसत सांगितलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. रिकाम्या कोनाड्याकडे बघत तो उभा राहिला, आणि मग खाली बसला. मला वाटलं प्रवासाने थकला.

त्याच वेळी शिवदासने रस्ता ओलांडून प्रज्योतला म्हणायला हवं होतं, ती काढ, ती खोटी आहे. तेवढंच. पण ते म्हणायचं म्हणजे सगळ्या नाक्यासमोर म्हणायचं की सगुणमेस्ताच्या हातून खोटं काम झालं, आणि आपण सहा वर्षं त्याची पूजा केली. वहिनी पलीकडे अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

त्याने दुसरा मार्ग काढला. रस्ते सुरू होताच कोल्हापूरहून नवी पिन मागवली. संक्रांतीच्या सुमाराला ती आली. शांतारामचा ट्रक थांबवून त्याने ती पुढे केली. "पिन बदलून घे. माझ्याकडसून तुका."

शांताराम खिडकीतून हसला. "मेस्तानू, डोक्यावर परिणाम झालो की काय? सगुणमेस्ताच्या हातची पिन काढू नि ही बाजारची घालू? माझ्या ट्रकात देव बसलो हा, देव! सगळ्या ड्रायव्हरांका सांगून ठेवलंय."

"अरे, पण नवी ती नवी."

"ती तुम्ही पूजेत ठेवा," असं म्हणून तो गेला. नवी पिन शिवदासच्या हातातच राहिली. मी इकडून बघत होतो.

त्यानंतर चार महिने मी एक चमत्कार बघितला. शांतारामचा ट्रक उतारावर लागला, की अजून दिसायच्या आधीच शिवदासचा हातोडा थांबायचा. दिवसाला शंभरेक ट्रक जायचे, पण याला तेवढाच ओळखू यायचा. मान तिरकी करून ऐकत राहायचा. ट्रक वळण घेऊन पुढे गेला, आवाज विरला, की मग पहिला घाव. तोवर पकडीतलं लोखंड काळं पडलेलं. ज्याने दुसऱ्यांची थंड लोखंडावरची कामं ओळखली, तो आता स्वतः थंड लोखंड मारत होता. लोक म्हणू लागले, मेस्ताचं काम उतरलं. तो खराब झालेल्या वस्तू मोडायचा, रोज दोन-तीन, आणि जेवायला उशिरा उठायचा.

एकदा भर दुपारी माझ्याकडे पाणी प्यायला आला आणि रस्त्याकडे पाठ करून बसला. म्हणाला, "शंभू, सगुण वळणावर उभो रवता."

मी यंत्र थांबवलं. "खंय?"

"त्या आंब्याखाली. डावो हात वर करून. थांब म्हणता की जा म्हणता, ता कळत नाय."

मी बघितलं. आंब्याखाली नार्वेचा जयराम कलिंगडं मांडून बसला होता, नेहमीसारखा. मी म्हटलं, ऊन लागलंय तुला. कोकमचं सरबत करून दिलं. तो प्यायला आणि गेला. तेव्हा मी खोदून विचारलं असतं तर? शिंप्याची जात माझी, दुसऱ्याच्या मापात फार शिरत नाही. आता वाटतं, शिरायला हवं होतं.

मे महिन्याचा मध्य. दुपारचे तीन. उतारावर ट्रक लागला, समोरचा हातोडा थांबला. मला सवय झाली होती, मी माझा पाय चालवत राहिलो. मग एक आवाज आला. मोठा नव्हे, सुकी फांदी मोडावी तेवढाच. त्याच्यामागून मोठा आला. पाटा सुटला, पुढचं चाक तिरकं झालं आणि खनिजाने भरलेला ट्रक आंब्यावर गेला. जयराम जागच्या जागी गेला. रस्त्यावर कलिंगडं फुटून पडलेली. लाल काय आणि कशाचं, हे बघवेना. शिवदास भट्टीच्या तोंडाशी उभा होता, हातात हातोडा तसाच. त्या दिवशी पुढचा घाव पडलाच नाही.

शांतारामला पोलिसांनी नेलं. उराकाचे, म्हणजे काजूच्या दारूचे, दिवस होते, त्यामुळे नाक्यावर एका तासात ठरून गेलं की ड्रायव्हर प्यालेला होता. त्यात तो दोडामार्गचा, म्हणजे महाराष्ट्रातला. आमचं राज्य व्हायची घोषणा तोंडावर आलेली, लोकांच्या अंगात आलं होतं. "ह्या भायल्यांका खाणीवर ठेवूकच नये," असं माझ्याच बाकावरचा एक म्हणाला. त्या भायल्याने सहा महिन्यांपूर्वी त्याच्या आईला फुकटात वाळपईच्या इस्पितळात पोचवलं होतं. मी त्याचा लेंगा शिवायला नकार दिला. तेवढाच माझा पराक्रम.

चौथ्या दिवशी शांतारामची बायको वत्सला भट्टीवर आली. रुमालाची गाठ सोडून तिने पिनेचा एक तुकडा काढला. दुसरा पोलिसांकडे होता, हा तिला आंब्याच्या मुळात सापडला होता.

"मेस्तानू, तुम्ही मोडलेला बघून सांगतात म्हणे. माझ्या घोवान लईराईचा व्रत केल्लो. जत्रा झाली तरी दारू तोंडाक लावूक नाय. ते म्हणतत, पाय ब्रेकवरच होतो, चाकच गेला. कोण ऐकत नाय. तुम्ही सांगलात तर ऐकतले." तिने तुकडा ऐरणीवर ठेवला. "नाय तर मनीस मारलो म्हणून तुरुंगात बसतले. पोरांका शाळेत तसाच म्हणतले, खुन्याची."

शिवदासने तुकड्याला हात लावला नाही. "उद्या ये," म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती आली. "उद्या ये." तिसऱ्या दिवशीही तेच. ती गेल्यावर मी रस्ता ओलांडला. म्हटलं, "मेस्ता, हे काय चाललंय? मुलाच्या पिपाणीचा पत्रा बघून तू सांगतोस, आणि त्या बाईला फिरवतोस?"

तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. मोतीबिंदू, वर गेलेला घण, कोनाडा, सहा दसरे, संक्रांत. सांगून झाल्यावर म्हणाला, "माका बघूची गरज नाय, शंभू. माका आधीच ठावक आसा. पण सांगलंय तर सगुण दुसऱ्यांदा मरतलो. नि वहिनीच्या हातचा जेवण खंयच्या तोंडान जेवू?"

मी विचारलं, "आणि नाही सांगितलंस तर?"

तो आंब्याकडे बघत राहिला. "तर तो हात खाली येवचो नाय."

मोटार इन्स्पेक्टर चौकीवर आला तो एकोणतीस मे. दुसऱ्या दिवशी घटक राज्य होणार म्हणून बाजारात पताका लावत होते. चौकीत टेबलावर वत्सलाने आणलेला आणि पोलिसांकडचा असे पिनेचे दोन तुकडे, बाजूला खाणीचा एक इंजिनिअर, शांताराम, प्रज्योत, वत्सला, आणि दाराशी अर्धा नाका. इंजिनिअर म्हणत होता की ड्रायव्हरने वळण जोरात घेतलं, आदळल्यामुळे पिन तुटली, पिनेत दोष नव्हता.

"मी बघू?" शिवदास म्हणाला. इन्स्पेक्टरलाही त्याचं नाव ठाऊक होतं. त्याने तुकडे पुढे केले.

शिवदासने घासलेटात फडकं बुडवून तोंडं पुसली आणि खिडकीशी नेली. मग तो बोलू लागला, चुकल्याशिवाय पाढे म्हणावेत तसा. "ह्या बघा, साहेब. मोडलेल्या तोंडाचो हो नखाएवढो भाग काळो आसा. आतलो तेलकट गंज. म्हणजे ही फट जुनी, कित्येक वर्सांची. आदळून पडलेली नाय. बाकीचा नवीन मोडला, पण त्याचे कण बघा, खडेमिठासारखे. लोखंड गरजेपेक्षा जास्ती तापला, जळला. मगे लाल असतानाच पाण्यात बुडवला, तेव्हाच चिरला. कारखान्यातली नाय ही. हातची. डोक्यावरचे घाव उजवीकडसून डावीकडे उतरले नाहीत, उलटे आसत. करणारो डावखुरो." तो थांबला. "नि करणाऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होतो."

इंजिनिअर हसला. "हे पण पिनेत दिसतं?"

"नाय. ता माका ठावक आसा." शिवदासने तुकडा उलटा करून तेलाच्या भोकात तार घातली आणि तुकडा तळहातावर आपटला. लाल भुकटी पडली.

"खाणीची माती," इन्स्पेक्टर म्हणाला.

"वास घेवा. पिंजर आसा, साहेब. मी लावलेली. सहा दसरे." मग तो शांतारामकडे वळला, साहेबाकडे नाही. "ही सगुणान केल्ली. खोटी होती, माका पहिल्या दिवसापासून ठावक होता. मोडूक होयी होती, मी पुजली. प्रज्योताक ठावक नव्हता. तुझ्या ट्रकात गेली ता कळला तरी मी गप रवलंय. तू संक्रांतीक हसलंस, तेव्हा पण गप रवलंय. जयरामाक ट्रकान मारूक नाय."

पंखा फिरत होता. शांतारामच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते सुटकेचं की कसलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचा देव होता ना तो.

शांताराम सुटला. लायसन्सही परत मिळालं. शिवदासला पुढे दोन वर्षं चौकीवर आणि कचेरीत हेलपाटे पडले, त्याने एकदाही कारण सांगून टाळलं नाही. जयरामच्या घरी तो त्याच संध्याकाळी नार्वेला गेला. अंगणात उभा राहिला, त्यांनी आत बोलावलं नाही, तो दिवे लागेपर्यंत उभाच राहिला.

पण वहिनीचं सांगायचं राहिलं. चौकीवरून आम्ही परत आलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. पद्मावती दारात उभी. शिवदास पायरीखालीच थांबला. म्हणाला, "वहिनी, आजपासून माझा ताट नको वाढू."

ती म्हणाली, "ताप भरलो त्या रातीक ते माका म्हणाले, 'आज माझ्या हातसून काम बिघडला. पिन ऐरणीवर आसा, उद्या उठान नि मोडून टाकीन.' माका वाटला, ती तू तेव्हाच मोडलंस. कोनाड्यातली दुसरी, बरी, म्हणून मी हात जोडी. तुमच्या घरात बिघडलेला काम कोण अख्खा ठेवता, शिवदास?"

तो पायरीवर बसला. म्हणजे सगुणला ठाऊक होतं. त्याला लाज नव्हती, लपवायचं नव्हतं. फक्त एक दिवस कमी पडला होता, आणि तो दिवस भरून काढायचं काम धाकट्याचं होतं. वहिनीने ताट वाढलं. त्याने ताट पुढे ओढलं नाही, तरी ती वाढत राहिली.

भट्टी त्याने बंद केली. त्यानंतर अकरा वर्षं तो चालत होता. सगुणच्या हातची वस्तू ज्या ज्या घरी गेली होती, त्या त्या घरी. पेडणे, डिचोली, सत्तरी. झोपाळ्याच्या कड्या, रहाटाचे आस, दाराचे कोयंडे. खिशात छोटी हातोडी. वाजवायचा, ऐकायचा, उन्हात बघायचा. लोक आधी हसले, मग चहा देऊ लागले, मग वाट बघू लागले. मी विचारायचो, "सापडली का रे एखादी खोटी?"

"नाय."

शेवटच्या वर्षी असाच माझ्याकडे बसला होता. अंगात काही उरलं नव्हतं, बुशकोट मीच आत घेऊन दिला होता. म्हणाला, "शंभू, एक तरी सापडूक होयी होती. दोन-चार खोट्या असत्या तर म्हटलं असतं, मनीसच तो, चुकता. पण सगळी बरी. त्यान जन्मात एकच वाईट वस्तू केली, नि ती तेवढी मी जपून ठेवली."

तेवढ्यात वाळपईची बस आली. तिकडे कुणाच्या तरी विहिरीचा आस बघायचा राहिला होता. तो उठला, खिसा चाचपून हातोडी आहे ना बघितली, आणि वळणावरच्या आंब्याकडे न बघता बसमध्ये चढला.